घरचं औषधी तेल सारखं खवट, कुबट होतंय? आधी हे बघा

घरी केलेलं माक्याचं, जास्वंदीचं, निरगुडीचं तेल चार-सहा आठवड्यांत वास मारायला लागतं, ही तक्रार आमच्या पेठेत मिरग लागला की सुरू होते ती पार दिवाळीपर्यंत चालते. कुणाची केसांच्या तेलाची शिशी असते, कुणाची तालमीतल्या पोरांच्या मालिशची बाटली, कुणाच्या आज्जीचं गुडघ्याला लावायचं तेल. सगळ्यांचा पहिला संशय वनस्पतीवर जातो, "माका जुना असणार" नायतर "जास्वंद कमी पडली". मी अशा लई शिश्या उघडून हुंगल्यात, परत आटवून दिल्यात आणि बऱ्याचशा सरळ फेकायला लावल्यात, त्यावरून सांगतो, वनस्पतीचा दोष क्वचित निघतो. बहुतेक वेळा दोष पाण्याचा निघतो. तेलात राहिलेलं पाणी, शिशीत राहिलेलं पाणी, चमच्याला लागलेलं पाणी. त्यामुळं खाली जे तपासायला सांगितलंय त्यातलं निम्मं म्हणजे पाणी कुठनं आलं हे शोधणंच आहे.

क्रम मुद्दाम असा ठेवलाय की पहिल्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही. त्या सोडून डायरेक्ट नवीन तेल आणि नवीन वनस्पती आणायला पळू नका, घाण्याचं तेल आता काय भावानं मिळतंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

लक्षणं

नुसतं "वास येतोय" म्हणून भागत नाही, कसला वास येतोय ते महत्त्वाचं. मला शिशी दाखवायला आलेल्या माणसाला मी हेच पहिलं विचारतो.

खवट वास: तळणीचं तेल जुनं झाल्यावर येतो तसला, नाकात चढणारा, जिभेच्या मागं कडवट लागल्यासारखा. तेल हाताला जरा चिकट लागतं. हे तेलाचं हवेशी आणि उजेडाशी झालेलं भांडण, पाण्याशी थेट संबंध असेलच असं नाही.

कुबट किंवा आंबूस वास: हा पाण्याचा. झाकण उघडल्या उघडल्या येतो, तळाशी गढूळपणा असतो, कधी झाकणाच्या आतून काळे-हिरवे ठिपके.

करपट वास: पहिल्या दिवसापासून असतो, नंतर वाढत नाही. तेल गरजेपेक्षा जास्त काळपट. हे आटवताना जळलेलं.

वास काहीच नाही पण तेल गढूळ दिसतंय, पांढरं झालंय, किंवा खाली साका बसलाय.

तेल चांगलं आहे, पण लावल्यावर खाज, लाली, पुरळ. हा प्रकार वेगळा आहे, त्याच्याबद्दल शेवटी.

फुकटातलं आधी

थंडी बघा. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी सकाळी फोन येतो की तेलाला बुरशी आली, सगळं पांढरं झालंय. अहो ते खोबरेल आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठायला लागतं आणि कोल्हापुरात थंडीत पहाटे त्याच्यापेक्षा बरंच खाली जातं. शिशी कोमट पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं उभी करा, पाणी झाकणापर्यंत जाऊ देऊ नका. पातळ होऊन सगळं एकसारखं स्वच्छ झालं तर दोष नाही, घरी बसा निवांत. पातळ झाल्यावरबी गढूळच राहिलं तर मग पुढं जावा. हे खोबरेलापुरतंच बरं का. तिळाचं तेल आपल्या इथल्या थंडीत गोठत नाही, त्यामुळं तिळाच्या तेलातला गढूळपणा थंडीच्या नावावर खपवू नका.

मग शिशी दोन दिवस अजिबात न हलवता ठेवा आणि उजेडासमोर धरून तळ बघा. तळाशी बारीक माती बसल्यासारखा थर असेल तर तो वनस्पतीचा साका, तो वाईट नाही पण त्यात ओल धरून राहते म्हणून काढलेला बरा. तळाशी जर तेलाखाली वेगळे, गोलगोल थेंब सरकताना दिसले, शिशी तिरकी केली की एकत्र होऊन पळतात, तर ते पाणी. पाणी तेलापेक्षा जड, कायम खालीच जाणार. आणि शिशी वरून चांगली दिसत असते म्हणून लोक फसतात, वरचं तेल महिनाभर चांगलं लागतं आणि शिशी अर्ध्यावर आली की वास सुरू, कारण आता तुम्ही तळाजवळ आलात.

आता वात. ही तपासणी जुन्या वैद्यांची आहे आणि अजून तिला तोड नाही. कोरड्या कापसाची छोटी वात करा, संशयातल्या तेलात भिजवा, निथळून पणतीत ठेवा आणि पेटवा. शांत जळली तर पाणी नाही. तडतडली, ठिणगी उडाली तर पाणी आहे. पावसाळ्यात कापूसच सादळलेला असतो त्यामुळं एक वात साध्या, वनस्पती न घातलेल्या तेलात भिजवून तीबी पेटवून बघा, दोन्ही तडतडल्या तर दोष कापसाचा. तोंड लांब ठेवा आणि मोबाईल बाजूला, व्हिडिओ काढायच्या नादात भुवया जळालेला माणूस आमच्या गल्लीत आहे. ही वात फक्त पाणी सांगते एवढं ध्यानात असू द्या. खवट झालेलं तेल एकदम शांत जळेल, तेवढ्यानं ते चांगलं ठरत नाही.

शिशी, झाकण आणि ठेवायची जागा

इथं खर्च शून्य ते एका नव्या बाटलीचा, आणि निम्म्या केसेस इथंच संपतात.

शिशी धुतली, पुसली आणि ओट्यावर उपडी घातली म्हणजे वाळली असं होत नाही. सपाट ओट्यावर उपडी घातली की आतली वाफ आतच राहते. आडवी ठेवा नायतर जाळीवर उपडी घाला, ऊन असेल तर दिवसभर ऊन द्या, जुलै-ऑगस्टात ऊन नसतंयच मग केस वाळवायच्या मशीनचं गरम वारं मारा. झाकण वेगळं सुकवा. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची किंवा फोमची चकती असते ती ओल धरते, तसलं झाकण असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या शिश्या तेलाला नकोतच.

तेल गरम असताना झाकण लावलं का ते आठवा. गरम तेलावर झाकण आवळलं की वरच्या हवेतली वाफ झाकणाला थंड होऊन तेलात ठिबकते, म्हणजे दोन तास गॅसजवळ उभं राहून पाणी घालवलं आणि शेवटच्या मिनिटाला परत घातलं. पूर्ण गार होईपर्यंत वर नुसतं कोरडं फडकं टाकून ठेवा.

जुन्या तेलात नवं तेल ओतायचं नाही. शिशीच्या आत चिकटलेला जुना खवट थर विरजणासारखं काम करतो, नव्या तेलाला लवकर बिघडवतो. साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा धुवून, पूर्ण वाळवूनच भरा.

मग जागा. केसांचं तेल लोक बाथरूममध्ये ठेवतात. रोज गरम पाण्याची वाफ, ओले हात, ओली बोटं थेट बरणीत. वर्षाचं तेल कपाटात ठेवायचं आणि आठवड्यापुरतं छोट्या शिशीत काढायचं, एवढं केलं तर बिघडलं तरी छोटी शिशी बिघडते, मोठी बरणी वाचते. खिडकीतली पारदर्शक बाटली दिसायला लई भारी, हिरवंगार तेल, पण तो हिरवा रंग पानातल्या हरितद्रव्याचा आणि उजेडात तेच हरितद्रव्य तेल खवट व्हायला हातभार लावतं. म्हणून पानांच्या तेलाला गडद तपकिरी काच. ती मिळाली नाही तर साध्या बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळा, चालतंय. आणि बरणी गळ्यापर्यंत भरलेली असू द्या, अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी हवा, आणि खवटपणाला हवाच लागते.

वनस्पती ओली होती का

ताजं म्हणजे चांगलं हा समज तेलाच्या बाबतीत अडचणीचा आहे. ताज्या पानात भरपूर पाणी असतं, कोरफडीच्या गरात तर जवळजवळ सगळंच पाणी. ती पानं, तो गर कच्च्या तेलात बुडवून उन्हात ठेवायचं, अशा ज्या कृती मोबाईलवर फिरतात त्या आपल्या दमट हवेत हमखास कुबट होतात, आणि उन्हानं तेलात "कच्ची शक्ती" वगैरे काही येत नाही, आंबतं फक्त.

दोन मार्ग आहेत. एक, वनस्पती पूर्ण वाळवून घ्यायची. वाळली की नाही ते बघायला देठ मोडा, कट्कन मोडला पाहिजे, वाकला तर अजून ओला आहे. वाळवायची सावलीत, वारं लागेल अशी, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये. पावसात वाळवायला घातलेल्या जास्वंदीच्या पाकळ्यांना वाळायच्या आधीच बुरशी येते. अशा वेळी काष्ठौषधीच्या दुकानातनं वाळलेलीच आणा, पण पुडी उघडून हुंगून घ्या, मातकट ओला वास आला तर ठेवा म्हणावं तिथंच. बारीक पावडर घेऊ नका, भरड घ्या. पावडर कितीबी गाळली तरी साका राहतो आणि साक्यात ओल राहते. एक लिटर तेलाला शंभर ग्रॅमच्या आसपास वाळलेली भरड घरच्या कामाला पुरे.

दुसरा मार्ग ताज्या रसाचा, तो चुकीचा नाही, उलट जुना शास्त्रीय मार्ग तोच. त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, वाटलेला लगदा एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे एक लिटर तेलात चार लिटर रस घालून तो सगळाच्या सगळा आटवायचा. रस घातला तर आटवणं पूर्ण झालंच पाहिजे, अर्धवट सोडलं की संपलं. घरात वेळ नसेल तर सरळ वाळलेल्याचा मार्ग धरा.

माका स्वतः तोडून आणत असाल तर दोन गोष्टी. उसाच्या बांधाला, पाटाच्या कडेला माका भरपूर असतो, पण उसात तणनाशक मारतात, कधी मारलंय ते शेतवाल्याला विचारल्याशिवाय तिथला पाला तोडू नका, अंगाला लावायचंय ते. आणि माक्याचं फूल पांढरं, खोड चुरगाळलं की रस थोड्या वेळात काळपट होतो. पिवळ्या फुलाचं, कुंपणाला शोभेसाठी लावलेलं पसरट झुडूपबी माका म्हणून आणतात, ते वेगळं. जुडीत गाजरगवताचा एखादा फाटा आला तर काढून टाका, त्यानं कितीतरी जणांना कातडीवर खाज उठते आणि मग बिचाऱ्या माक्याला नाव.

पूर आलेल्या घरांसाठी एक. २०१९ ला आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी माळ्यावरचे वनस्पतीचे डबे "वर होतं, भिजलं नाही" म्हणून वापरले. भिजलं नसलं तरी आठवडाभर घरात ओल होती. कोंदट वास येणारी, जाळं धरलेली वनस्पती तेलात घालायची नाही, तापवल्यावर बुरशी मेली तरी तिनं सोडलेलं विष जाईलच असं नाही.

मूळ तेलच जुनं असेल तर

हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. पुढच्या वेळी तेल कराल तेव्हा त्याच डब्यातलं साधं तेल वाटीभर वेगळ्या कोरड्या शिशीत, त्याच कपाटात ठेवा. दोन महिन्यांनी दोन्ही हुंगा. साधंबी खवट झालं असेल तर दोष मूळ तेलाचा किंवा जागेचा. साधं चांगलं आणि औषधी बिघडलं तर दोष तुमच्या करण्यात. याच्याशिवाय नुसत्या अंदाजानं घाणेवाल्याशी भांडायला जाऊ नका, त्या माणसाचं डोकं आधीच फिरलेलं असतं.

सगळी तेलं सारखी टिकत नाहीत. खोबरेल सगळ्यात टिकाऊ, त्यातली चरबी बहुतांशी संपृक्त, हवेशी सहजासहजी भांडत नाही. तिळाच्या तेलात स्वतःचीच खवटपणा रोखणारी द्रव्यं असतात म्हणून मालिशच्या तेलाला पिढ्यान् पिढ्या तीळच. करडई, सूर्यफूल लवकर खवट होतात. जवसाचं तर सगळ्यात आधी, ते तापवून औषधी तेल करायच्या भानगडीत पडूच नये. घाण्यावरून ताजं आणलेलं तेलबी गढूळ असेल तर दोन-चार दिवस निवळू द्या, वरचं घ्या, खालचं भाजीला वापरून टाका.

ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालतात, त्याचा उपयोग होतो पण कशाला ते समजून घ्या. ती खवटपणा लांबवते. झालेला खवटपणा परत फिरवत नाही आणि पाण्याला, बुरशीला तिचा काडीचा उपयोग नाही. कुबट तेलात कॅप्सूल घालणं म्हणजे कॅप्सूल वाया.

आटवणं: इथं सगळं ठरतं

वरचं सगळं ठीक असेल आणि तरी दर वेळी बिघडत असेल तर कढईकडं या. हे सगळ्यात वेळखाऊ, आणि गरम तेल असल्यामुळं धोक्याचं, म्हणून शेवटी ठेवलंय.

तेलात पाणी असेपर्यंत तेलाचं तापमान साधारण शंभर अंशाच्या आसपासच अडकून राहतं, कारण गॅसची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक तास, दोन तास काहीच होत नाही असं वाटतं. आणि पाणी संपलं रे संपलं की तेच तेल काही मिनिटांत झपाट्यानं तापतं आणि लगदा करपतो. म्हणजे कुबट आणि करपट या दोन्ही दोषांमध्ये अंतर थोड्या मिनिटांचं आहे. लवकर उतरवलं की कुबट, फोनवर बोलत बसलं की करपट. म्हणून शेवटच्या टप्प्यात गॅस अगदी बारीक, आणि तुम्ही तिथनं हलायचं नाही, दारात कुणीबी येऊ दे.

तो क्षण ओळखायचा कसा? कान, डोळे आणि बोटं. सुरुवातीचे बुडबुडे मोठे, आवाज करणारे, ती वाफ. हळूहळू आवाज कमी होत जातो. मग तेलावर बारीक पांढरा फेस यायला लागतो. गंमत अशी की हा फेस बघून लोक म्हणतात अजून पाणी आहे, पण तेलात फेस येणं हे झाल्याचं लक्षण आहे. तुपात उलटं, तुपाचा फेस बसला की झालं. मग झाऱ्यानं थोडा लगदा काढा, गार होऊ द्या, बोटांत वळा. चिकटून राहिला, मध्ये मऊ ओला लागला तर अजून वेळ आहे. वातीसारखा वळला तर तो तुकडा चिमट्यात धरून काडी लावा, न तडतडता जळाला की गॅस बंद. बाहेरून लावायच्या तेलाला याच्यापेक्षा किंचित पुढं, लगदा जरा कडक होईपर्यंत गेलं तरी चालतं, जुन्या वैद्यकात त्याला खर पाक म्हणतात आणि अंगाला चोळायच्या तेलाला तो सांगितलेला आहे. घरी ठेवायच्या तेलाला मी तरी तेवढंच नेतो. काळा, कोळशासारखा झाला तर मात्र ते जळालेलं, त्याचा कशालाच उपयोग नाही.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं. लोखंडी कढईत केलेल्या तेलानं केस काळे राहतात म्हणून आग्रह असतो, ज्याची त्याची श्रद्धा, पण लोखंड आणि तांबं दोन्ही तेलाला खवट करायला मदत करतात. लोखंडीत केलंच तर रात्रभर त्यातच ठेवू नका, लगेच काढा. तांब्या-पितळेच्या भांड्यात तर नकोच.

गाळताना मलमलचं फडकं कोरडं, आणि लगदा पिळू नका. शेवटचं पाव वाटी तेल मिळवायच्या नादात फडकं आवळून पिळतात आणि लगद्यात अडकलेली सगळी ओल नि साका तेलात येतो. निथळू द्या, जेवढं येईल तेवढं. मग रात्रभर झाकून निवळत ठेवा, सकाळी वरचं वरचं शिशीत, तळातलं दोन बोटं सोडून द्यायचं. ते आठवड्याभरात पायाला लावून संपवा.

आधीच बिघडलेल्या तेलाचं काय

फक्त पाणी सापडलंय, वास अजून स्वच्छ आहे, बुरशी नाही: परत आटवता येतं. तळातलं पाणी आधी काढून टाका, वरचं तेल रुंद भांड्यात बारीक गॅसवर, भांडं अर्ध्याच्या खालीच भरलेलं. बुडबुडे थांबले, वात शांत जळाली की उतरवा.

खवट झालंय: वाचत नाही. परत तापवलं तर आणखी खवट होईल. कापूर, सुगंधी अर्क घालून वास झाकू नका. दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, कोयत्याला लावा.

बुरशी दिसली किंवा कुबट वास पक्का झाला: फेका. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही. मोरीत ओतू नका, पाईप तुंबतो, कागदात नायतर भुश्श्यात जिरवून कचऱ्यात.

लसणाच्या तेलाचं वेगळं सांगतो. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला की हवाबंद, ओलसर अशी जागा तयार होते आणि तिथं बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, त्यांना ना वास ना चव. लसूण घालायचा तर तांबूस, कडक होईपर्यंत तळून, गाळून टाका, आणि ते तेल फक्त अंगाला. औषधी तेल म्हणून पोळीला लावून खायचं नाही, जखमेवरबी नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

कढईतून धूर यायला लागला: गॅस बंद, हात मागं. पेट घेतला तर झाकण ठेवून दाबा, पाणी अजिबात मारू नका, पेटत्या तेलावर पाणी पडलं की आग छतापर्यंत जाते. आटोक्यात येत नसेल तर घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ ला फोन करा. अंगावर गरम तेल उडालं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, त्यावर तेल, टूथपेस्ट, हळद काही नको, आणि मोठं भाजलं असेल तर सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) नायतर जवळचा दवाखाना, १०८ ला फोन करा.

काही वनस्पतींपाशीच थांबा. बिब्बा कुणीबी कितीबी सांगितलं तरी घरच्या तेलात नाही, बिब्बा उतला की फोड येऊन कातडी सोलवटते, आणि तो बनवणाऱ्याच्या हातावर, तोंडावर नुसत्या वाफेनंबी उतू शकतो. धोतऱ्याची पानं सांधेदुखीच्या तेलात घालायची गावाकडं पद्धत आहे, धोतरा विषारी आहे, घरात लहान पोर असेल तर विषयच काढू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याचा दवाखाना. ही द्रव्यं वापरायची तर शिकलेल्या वैद्यानं, शुद्ध करून, त्यांच्या जबाबदारीवर.

तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. कापूर घातलेलं तेल लहान पोरांना लावायचं नाही आणि हाताला लागेल असं ठेवायचं नाही, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कान फुटत असेल, पू येत असेल तर कानात कुठलंच तेल नाही.

कुठलंबी नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस थांबा. लाल झालं, खाजलं तर ते तेल तुमचं नव्हे, कितीबी शुद्ध असलं तरी. पुरळ पसरलं, चेहरा-ओठ सुजले, धाप लागली तर दवाखाना, लगेच. कोंडा असलेल्या डोक्याला तेल लावून खाज वाढत असेल तर तेल चांगलं करायच्या मागं लागू नका, तेल थांबवा, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. डोक्यावर गोल चट्टे पडून केस गेले, म्हणजे चाई, किंवा पू असेल तर त्वचारोगवाल्यांना दाखवा, माक्याच्या दुसऱ्या शिशीची वाट बघू नका.

मालिशचं म्हणाल तर निरगुडीच्या तेलानं झिजलेला गुडघा बरा होत नाही, शेक आणि चोळण्यानं दुखणं जरा हलकं होतं, तेवढंच मागा त्याच्याकडं. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर चोळायचं नाही, डॉक्टर. मुरगळून टेकवत नसेल, आकार बिघडला असेल तर आधी एक्स-रे, मालिशवाला नंतर. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तिला हातबी लावू नका, आत रक्ताची गुठळी असेल तर चोळून ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे तालमीतल्या पोरांना मी मुद्दाम ओरडून सांगतो. शुगरच्या पेशंटच्या पायाच्या जखमेवर घरचं तेल नको.

आणि तेल चांगलं जमायला लागलं की शेजारच्या काकी म्हणतातच, विक की बाबा शिशीला लेबल लावून. घरच्यांना, पाव्हण्यांना देणं वेगळं. औषधी म्हणून विकायचं तर १९४० च्या औषधं आणि सौंदर्य प्रसाधनं कायद्याखाली परवाना लागतो, तो आपल्याकडं अन्न व औषध प्रशासनाकडनं घ्यावा लागतो, घरच्या ओट्यावर केलेल्या तेलाला "गुडघेदुखी गायब" असं लेबल चिकटवून विकता येत नाही. तोपर्यंत शिशीवर कागदाची पट्टी चिकटवा, त्यावर कुठलं तेल, कुठली वनस्पती आणि कधी केलं ती तारीख, आणि ठळक अक्षरात "फक्त बाहेरून लावण्यासाठी".